वाचकांचे प्रश्न: पहिल्यांदाच धुणं धुताना

जून संपेपर्यंत या सदराला ॲडमिशनची आणि मेसची पत्रं येतात, आणि कॉलेजं सुरू होऊन तीन आठवडे झाले की एकदम कपड्यांची सुरू होतात. तीन आठवडे का, तर घरून इस्त्री करून आणलेले कपडे साधारण तेवढेच पुरतात, मग उलटे करून घालून झाले की पलंगाखाली ढीग लागतो आणि मग कुणीतरी रविवारी दुपारी बादली घेऊन बसतं. मी स्वतः नाशकात गंगापूर रोडला चौदा वर्षं विद्यार्थ्यांना खोल्या दिल्यात, त्यामुळे बादलीत काय काय होऊ शकतं ते डोळ्यांनी पाहिलंय. एकानं तर फरशी पुसायच्या फिनेलमध्ये शर्ट भिजवला होता, वास चांगला येतो म्हणून. तेव्हा लाजू नका, विचारा.

प्रश्न: ताई नमस्कार, मी शहाद्याचा, आडगावला इंजिनिअरिंगला फर्स्ट इयरला आहे. घरी सगळं आईच करायची. परवा पहिल्यांदा कपडे धुवायला काढले, दोन जीन्स, युनिफॉर्मचा पांढरा शर्ट, चादर आणि मामाच्या लग्नातला मरून कुर्ता, सगळे एकाच बादलीत. कपडे खूप होते म्हणून पावडरचा अर्धा पुडा टाकला आणि रात्रभर भिजवले. सकाळी पाणी लाल आणि शर्ट गुलाबी. रूममेट म्हणतो मीठ टाक, रंग पक्का होतो. बुधवारी प्रॅक्टिकलला पांढरा शर्ट लागतो आणि आईला सांगायची लाज वाटते. शर्ट गेला का?

उत्तर: तुझा तो बुधवार कधीच होऊन गेला असणार, मासिकाचं हे असंच असतं, पण शर्ट गेला असं लगेच समजू नकोस. गुलाबी झालेला शर्ट उन्हात वाळवला नसशील आणि मुख्य म्हणजे त्यावर इस्त्री फिरवली नसशील तर तो परत येऊ शकतो. उष्णता लागली की लागलेला रंग धाग्याला जास्त घट्ट धरतो.

आधी शर्टाच्या आतलं लेबल बघ. युनिफॉर्मचे शर्ट बहुतेक टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेले असतात, आणि तसं असेल तर तुझं नशीब, कारण सुती कुर्त्याचा रंग पॉलिएस्टरला नीट धरतच नाही, नुसता सुताच्या भागावर बसतो. शर्ट एकटाच घे, कोमट पाण्यात ऑक्सिजनवालं डाग काढायचं पावडर मिळतं ते पाकिटावर लिहिल्याएवढं टाक आणि चार-पाच तास ठेव. मधूनमधून वरखाली कर. एकदा करून थोडा गुलाबीपणा राहिला तर दुसऱ्यांदा कर. एवढं करूनही नाही गेला तरच क्लोरीनचं ब्लीच, तेही झाकणभर अर्ध्या बादलीत, दहा मिनिटं, आणि फक्त पांढऱ्यालाच. लेबलवर त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीच लावायचंच नाही, त्या त्रिकोणाचा अर्थच ब्लीच असतो. आणि एक गोष्ट कितीही घाई असली तरी लक्षात ठेव, ब्लीचची बाटली आणि संडास धुवायचं ॲसिड एकाच बाथरूममध्ये असतात, ते दोन्ही एकत्र कधी ओतायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

आता मिठाचं. तुझा रूममेट एकटा नाही, आमच्या आजेसासूबाई पण हेच सांगायच्या आणि मी पण कित्येक वर्षं मुठी-मुठीनं मीठ वाया घालवलं. मीठ वापरतात ते कापड रंगवताना, रंगाच्या हौदात, कारण त्यानं रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलला जातो. म्हणून लोकांना वाटलं की नंतरही उपयोग होईल. त्या पाण्यापुरता रंग थोडा कमी सुटल्यासारखा दिसेलही, पण पुढच्या खेपेला साध्या पाण्यात टाकलास की कुर्ता परत रडायला लागेल. खरा उपाय कंटाळवाणा आहे, नवा गडद कपडा पहिले तीन-चार वेळा एकटा धुवायचा, गार पाण्यात, न भिजवता. कुठला कपडा रंग सोडतो हे कळत नसेल तर पांढरा रुमाल ओला कर, कुर्त्याच्या आतल्या शिवणीवर अर्धा मिनिट दाबून धर. रुमालाला रंग लागला की समजायचं.

आणि अर्धा पुडा! अरे अर्ध्या पुड्यात माझं आठवड्याचं धुणं होतं. फेस म्हणजे स्वच्छता हे टीव्हीवरच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरलंय. पावडरचं काम एवढंच की मळ आणि तेल कापडापासून सुटं करून पाण्यात धरून ठेवायचं. जास्तीची पावडर कापडातच राहते, वाळल्यावर कपडा कडक लागतो, काळ्या टीशर्टवर पांढुरके पट्टे दिसतात, घाम आला की अंग खाजतं आणि ती काढायला तू चार बादल्या पाणी जास्त ओततोस. त्यात बऱ्याच हॉस्टेलांवर बोअरचं पाणी असतं, ते जड असतं, त्यात फेस कमी होतो म्हणून पोरं अजून पावडर ओततात. जड पाण्यात थोडी जास्त लागते हे खरं, पण म्हणजे दोनाऐवजी तीन चमचे, पुडा नाही.

आता एकदा नीट ऐक, म्हणजे पुढच्या रविवारी गोंधळ नको. आधी खिसे बघ. सगळे. पेन, पाचशेची नोट, एसटीचं तिकीट आणि सगळ्यात वाईट म्हणजे टिश्यू पेपर, त्याचे कण निघता निघत नाहीत. मग पांढरे, फिके आणि गडद असे तीन ढीग. बादलीत आधी पाणी, अर्ध्याला थोडं वर, मग पोह्यांच्या चमच्यानं दोन चमचे पावडर, हातानं ढवळून पूर्ण विरघळवायची आणि मग कपडे, पाच-सहाच, उलटे करून. पावडर थेट कपड्यावर टाकली की तिथेच ठिपका पडतो. वीस मिनिटं ते अर्धा तास पुष्कळ झालं. रात्रभर भिजवल्यानं जास्त स्वच्छ होत नाही, सुटलेला मळच परत कापडात जाऊन बसतो आणि वर आंबूस वास येतो.

मग एकेक कपडा काढून कॉलर, बाह्यांची टोकं आणि काखा एवढ्याच जागी वडी लावून ब्रश मारायचा, मऊ ब्रश, फरशीचा नव्हे. बाकी शर्टाला ब्रशची गरज नसते. जीन्सला पायाशी मार. आणि आता जी गोष्ट कुणीच पोरांना सांगत नाही ती सांगते, विसळायच्या आधी पिळायचं. साबणाचं पाणी पिळून काढ, मग नव्या पाण्यात चुबक, परत पिळ, परत नवं पाणी. अर्धी-अर्धी बादली तीनदा घेतली तर काम होतं, पण न पिळता भरलेल्या बादलीत एकदाच बुचकळलं तर साबण तसाच राहतो, कारण कपडा मागचं साबणाचं पाणी पोटात घेऊनच पुढच्या पाण्यात जातो. शेवटचं पाणी हातात घेतलंस की बुळबुळीत लागायला नको. बस.

कुर्ता पिळू नकोस, हातानं दाबून निथळत ठेव. आणि आईला फोन कर रे. ती हसेल, आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या भावकीला सांगून मोकळी होईल, पण त्याला इलाज नाही.

प्रश्न: कॉलेज रोडला राहते. रविवारी मिसळ खाताना तर्री पांढऱ्या कुर्तीवर सांडली. लगेच साबण लावला तर डाग पिवळ्याचा लाल झाला! कुर्ती नवी होती. साबणात काही प्रॉब्लेम होता का?

उत्तर: साबणात काही प्रॉब्लेम नाही गं, तो हळदीचा गुण आहे. हळदीतला रंग सोडा, चुना, साबण असल्या अल्कली पदार्थात लाल होतो. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो हाच खेळ. भरपूर पाण्यानं साबण निघून गेला की डाग परत पिवळा होतो, घाबरायचं नाही.

तर्रीत दोन डाग असतात एकाच वेळी, एक तेल आणि एक हळद, आणि दोघांचं औषध वेगळं. आधी तेल काढायचं. कपडा कोरडा असतानाच डागावर भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब टाकून बोटानं चोळ, पाणी नंतर. आधी पाणी ओतलं की तेल पसरतं आणि लिक्विड पातळ होतं. दहा मिनिटांनी कोमट पाण्यानं धू. मग जो पिवळा राहील तो हळदीचा, आणि त्याला ऊन दाखव. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, ओली कुर्ती डागाची बाजू वर करून दोन दिवस कडक उन्हात घातली की बहुतेक वेळा पुसट होत जातो. ऑगस्टमध्ये नाशकात कडक ऊन आणायचं कुठून हा प्रश्न मात्र मला विचारू नकोस. तोपर्यंत इस्त्री नको. आणि काळ्या रश्श्याची मिसळ खायला जाताना पांढरं घालून जाणाऱ्यांना मी काय बोलू, मी पण जाते.

प्रश्न: आमच्या पीजीत आठ जणींत एक सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. मी लावलं की ड्रायर ढकढक करत चालायला लागतं, काकू वरून ओरडतात मशीन मोडाल म्हणून. शिवाय मी क्लासला गेले की कुणीतरी माझे ओले कपडे काढून फरशीवर टाकतं.

उत्तर: ड्रायर नाचतं कारण आत कपडे एका बाजूला झालेत. तू ओली जीन्स गोळा करून एका कडेला टाकत असणार. ते गोल पिंप खूप वेगानं फिरतं, एक बाजू जड झाली की सगळं मशीन हलतं. जड कपडे तळाला, गोल अंथरल्यासारखे, हातानं दाबून बसवायचे आणि मग वरून ती प्लास्टिकची चकती, जी सगळ्या पीजींमध्ये हमखास मशीनच्या मागे पडलेली असते, ती दाबून ठेवायची. चकती नसली की रुमाल उडून पिंपाच्या बाहेर अडकतो आणि मग मेकॅनिक. सुरू केल्यावर पाच सेकंदांत ढकढक आली तर लगेच बंद कर, पूर्ण थांबू दे, मग झाकण उघड. फिरत असताना हात घालायचा नाही, थांबत आलंय असं वाटलं तरी नाही. पातळ कपड्यांना तीन मिनिटं, जीन्सला पाच. आणि धुवायच्या टबातलं पाणी सोडताना मागचा पाइप जमिनीवर खाली टाकलाय ना बघ, वर अडकवलेला असेल तर पाणी जाणार कसं. निम्म्या वेळा ‘मशीन बिघडलं’ म्हणजे हेच असतं.

मैत्रिणींचं म्हणशील तर चूक थोडी तुझी पण आहे बघ. मशीन लावून क्लासला जायचं नाही, आठ जणींना एकच रविवार असतो. मोबाइलला अलार्म लाव. आणि मशीनवर तुझी रिकामी बादली ठेवून जा, म्हणजे कुणाला काढायचेच असतील तर फरशीऐवजी बादलीत पडतील. माझ्याकडे मुलींनी मशीनवरच वारांची चिठ्ठी चिकटवली होती, दोघी-दोघींना एक वार, तेव्हापासून भांडणं बंद झाली. निदान मशीनवरून तरी.

प्रश्न: पावसात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी कुबट वास येतो. बॉडी स्प्रे मारून जातो, दुपारपर्यंत परत वास. सिडकोत तिघं एका खोलीत राहतो.

उत्तर: वास पावसाचा नाही, बॅक्टेरियाचा आहे. नीट न निघालेला घाम आणि साबण कापडात राहतो, कापड दिवसभर ओलं राहतं आणि ते त्यावर वाढतात. वाळल्यावर गप्प बसतात आणि तुला घाम आला की परत जागे होतात, म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी वास. स्प्रे मारून वासावर वास चढतो, बाकी काही होत नाही.

ज्यांना आधीच वास लागलाय ते टीशर्ट सोसेल एवढ्या गरम पाण्यात परत धुवा, सुती असतील तर चांगलं कढत घ्या. शेवटच्या विसळणीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाका, कपड्याला त्याचा वास राहत नाही. मग सगळा खेळ लवकर वाळवण्याचा. खोलीत दोरी बांधलीत तर खिडकी ते दार अशी, वारा आरपार जाईल अशी, भिंतीला लागून नको. दोन कपड्यांत वीतभर अंतर. हॅंगरला शर्ट लावला तर पुढचं-मागचं एकमेकांना चिकटत नाही. जीन्स उलटी, खिसे बाहेर काढून, कमरेला चिमटे लावून. खाली टेबलफॅन. आणि तिघांनी एकाच दिवशी धुणं काढायचं नाही, तीन जणांचे तीस ओले कपडे एका दहा बाय दहाच्या खोलीत म्हणजे ती हवाच ओली, त्यात काहीही वाळत नाही. रोज अंघोळीला जाताना कालचा टीशर्ट आणि चड्डी धुऊन टाकली तर पाच मिनिटांचं काम असतं, पण हे मी चौदा वर्षं सांगितलं आणि एका पोरानं केलं. एकानंच.

अजून ओलसर असताना घडी करून कपाटात टाकू नका. आणि घामट कपडा धुवायच्या ढिगात टाकण्याआधी दाराच्या कडीला वाळू द्या. दिवाळीनंतर इथे उलटी गंमत होते, हवा कोरडी, कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळतात, पण निफाडकडची थंडी इकडेही जाणवते आणि सकाळी बादलीत हात घालवत नाही. तेव्हा पावडर गार पाण्यात विरघळत पण नाही, एक मग गरम पाण्यात आधी विरघळवून मग बादलीत ओता.

प्रश्न: थोडं संकोचानं विचारते. आमच्या हॉस्टेलवर आतले कपडे बाहेर दोरीवर घालू देत नाहीत, खालून दिसतात म्हणे. आम्ही सगळ्याजणी ओढणीखाली नाहीतर टॉवेलखाली वाळत घालतो, ते दोन दिवस दमटच राहतात. आणि पाळीचे डाग काही केल्या जात नाहीत, मी तर उकळतं पाणी ओतते.

उत्तर: संकोच कसला, माझ्या लहानपणी पंचवटीतल्या वाड्यात सुद्धा हेच होतं, आईचं लुगडं वर आणि बाकी सगळं लुगड्याच्या आत. पन्नास वर्षांत दोरी नायलॉनची झाली, बाकी काही बदललं नाही.

पण हे अंगाला बरं नाही. दमट कपडा सगळ्यात नाजूक जागी घालायचा म्हणजे खाज आणि बुरशीचं इन्फेक्शन यांना बोलावणं. वरून ओढणी टाकली की ऊन पण नाही आणि वारा पण नाही. तेव्हा दोन गोष्टी करा. एक, गोल हॅंगर मिळतो, दहा-बारा चिमटे लटकवलेला, मेन रोडला नाहीतर कुठल्याही प्लास्टिकच्या दुकानात, तो खिडकीच्या आतल्या बाजूला जिथे ऊन येतं तिथे अडकवा. दुसरी, दहा-बारा जणींनी मिळून रेक्टरबाईंकडे जा आणि गच्चीचा एक कोपरा मागा, कठड्याच्या आतल्या बाजूला, कठड्यापेक्षा खाली दोरी बांधली तर खालून काय दिसणार. एकटी गेलीस तर ‘आगाऊ आहेस’ म्हणतील, दहा जणींना म्हणता येत नाही. बाई आहेत त्या, त्यांनाही हे सगळं माहीत आहे. आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही, त्यासाठी दोन-तीन जोड जास्त ठेवावे लागले तरी चालतील, कुर्ती एक कमी घे.

रक्ताच्या डागाला उकळतं पाणी म्हणजे डाग पक्का करून घेणं. रक्तात प्रथिनं असतात, अंडं उकळल्यावर घट्ट होतं तसं ते धाग्यातच शिजून बसतं. गार पाणी, तेही लवकरात लवकर. नळाखाली डागाच्या मागच्या बाजूनं धार सोड, म्हणजे रक्त आलं त्याच वाटेनं बाहेर जाईल. मग थोडं मीठ घालून अर्धा तास गार पाण्यात, मग नेहमीचा साबण. वर त्या शहाद्याच्या पोराला मी मिठावरून बोलले आणि इथे मीठ सांगतेय, पण हे काम वेगळं आहे. जुना वाळलेला डाग असेल तर एन्झाइमवाली पावडर गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, दोन-तीन तास. एन्झाइम प्रथिनं तोडतं, पण पाणी कढत घेतलं की ते स्वतःच निकामी होतं.

प्रश्न: रंगपंचमीला मित्रांनी जबरदस्तीनं रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात ढकललं. टीशर्ट अजून तसाच आहे, पाच वेळा धुतला. उपाय?

उत्तर: नाही. पेशव्यांच्या काळापासूनच्या हौदात आख्खं नाशिक धप्पा मारतं त्यात तुला अंगावर एक धप्पा मिळाला, त्याची खूण राहू दे. पुढच्या वर्षी तोच घालून जा. आणि तोपर्यंत बाकीच्या कपड्यांबरोबर धुवू नकोस म्हणजे झालं.

प्रश्न: जीन्स किती दिवसांनी धुवायची? आणि जॅकेट, चादर वगैरे?

उत्तर: जीन्स पाच-सहा वेळा घालून, मळ किंवा वास असेल तर आधी. रोज धुतली तर रंग जाईल. चादर आणि उशीचा अभ्रा पंधरा दिवसांनी तरी, पोरांनो, सेमिस्टरला एकदा नव्हे. लोकरीचं काही असेल तर गार पाणी, कमी साबण, न पिळता आडवं वाळवायचं, दोरीला लटकवलं की लांब होतं. आणि गॅदरिंगला आईची येवल्याची पैठणी आणलीत तर तिला पाणी लावायचं नाही, काही सांडलं तर कोरड्या सुती कपड्यानं टिपून सरळ ड्रायक्लीनला.

प्रश्न: मी सटाण्याहून लिहितोय. मुलगा नाशिकला दुसऱ्या वर्षाला आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी एसटीनं येतो तो कपड्यांनी भरलेली मोठी बॅग घेऊनच, आणि रविवारी संध्याकाळी धुतलेले, इस्त्री केलेले घेऊन जातो. मिसेसचा खांदा दुखतो, डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलंय, तरी ती धुते. मी काही बोललो तर माझी आई म्हणते पोरगा शिकायला गेलाय, धुणं धुवायला नाही, पुरुषाच्या जातीनं बादली घेऊन बसायचं का. काय करावं?

उत्तर: दादा, आधी तुमच्या आईंसाठी. त्यांना विचारा, जनाबाईबरोबर धुणं धुवायला कोण गेलं होतं? साक्षात विठोबा. त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार, नातवाला लहानपणी त्यांनीच सांगितली असेल. देवाला कमीपणा वाटला नाही तर सेकंड इयरच्या पोराला काय वाटायचा.

आता तुमच्यासाठी. तुमच्या पत्रात मिसेसचा खांदा आहे, आई आहे, मुलगा आहे, पण त्या बॅगेला तुमचा हात लागल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मी चेष्टा करत नाही. मुलगा येतो तेव्हा घरातलं धुणं कोण करतंय हे तो बघतो, आणि तुम्ही पेपर वाचत बोललात तर ते त्याला नुसतं बोलणं वाटतं. माझ्याकडे राहणाऱ्या पोरांत ज्यांचे वडील घरी काहीतरी करायचे, निदान स्वतःचा डबा घासायचे, ती पोरं पहिल्याच आठवड्यात दोरी बांधायची. हा काही अभ्यास नाही माझा, चौदा वर्षांतलं बघणं आहे.

तर असं करा. येत्या शनिवारी तो आला की बॅग मिसेसपर्यंत जाऊ देऊ नका. रविवारी सकाळी तुम्ही आणि तो, दोघं मोरीत बसा. वर मी शहाद्याच्या पोराला जे सांगितलंय ते वाचून घ्या, कारण मला वाटतं तुम्हालाही पिळायच्या आधी विसळायची सवय असेल, किंवा कसलीच नसेल. त्याला जीन्स पिळायला द्या, एका टोकाला तो आणि एका टोकाला तुम्ही, उलट्या दिशेनं. भिजलेली जीन्स उचलून बघितली की आईच्या खांद्याबद्दल वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

मिसेस स्वयंपाकघरातून येऊन ‘सरका, मी करते’ म्हणतीलच, दोनदा तरी म्हणतील. तेव्हा तुम्ही सरकू नका. आणि वाळत घातल्यावर त्या येऊन सगळे चिमटे परत लावतील, तुम्ही शर्ट खांद्याला लटकवले म्हणून, ते लावू द्या, शर्ट खालच्या शिवणीला चिमटा लावूनच घालायचा असतो, त्यांचं बरोबर आहे. जाताना त्याच्या बॅगेत एक नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे आणि ब्रश टाका. पावडर तो इथे घेईल.